सिनाईची वाळू, एक पेटी आणि रणगाडा : १९७३ च्या युद्धाचा धडा

१/ दिनांक ६ ऑक्टोबर १९७३. ज्यूंच्या योम किप्पूर या उपवासाच्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास, इजिप्तच्या सैन्याने सुएझ कालवा ओलांडण्यास प्रारंभ केला. कालव्यापलीकडे उतरलेल्या पायदळातील काही सैनिकांकडे एक लहानशी पेटी होती. त्या पेटीने एक वाद निर्माण केला, तो आजही मिटलेला नाही : रणगाड्याचे युग संपले काय?

२/ पेटीत होते सोव्हिएत बनावटीचे ‘माल्युत्का’ क्षेपणास्त्र. पाश्चात्त्य जग त्याला ‘सॅगर’ म्हणते. वजन सुमारे ११ किलो, पल्ला ३ किलोमीटर. तिघांची तुकडी अशी चार क्षेपणास्त्रे पायी वाहून नेत असे. तोवर इतक्या अंतरावरून रणगाडा फोडायचा तर बहुधा दुसरा रणगाडा किंवा अवजड तोफ लागे.

३/ एवढेसे अस्त्र पोलाद भेदते कसे? त्याच्या स्फोटकाच्या पुढच्या भागात शंकूसारखी पोकळी असते व तिला धातूचे पातळ अस्तर असते. स्फोट होताच ते अस्तर दाबले जाऊन अतिवेगवान, सुईसारखी धार बनते. म्हणून क्षेपणास्त्राचा वेग कमी असला तरी चालते. सॅगर सुमारे ४०० मि.मी. पोलाद भेदू शके.

४/ समोर कोण होते? इस्रायलच्या ताफ्यात ब्रिटिश सेंच्युरियन रणगाडे मोठ्या संख्येने होते. १९६५ च्या युद्धात आपल्या पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर ज्या जातीच्या रणगाड्यांसह लढले, तीच ही जात. त्यांच्या बुरुजाचे दर्शनी चिलखत सुमारे १५० मि.मी. होते. हिशेब सरळ होता.

५/ पण चिलखताहून मोठा दोष विचारात होता. १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात रणगाड्यांनी सिनाई झपाट्याने जिंकला. त्या विजयातून इस्रायलमध्ये अशी धारणा बळावली की, वेगाने धडक मारणाऱ्या रणगाड्याला पायदळाची व तोफखान्याची फारशी गरज नाही. लागलीच तर मदतीला वायुदल आहे.

६/ ८ ऑक्टोबरला या धारणेची परीक्षा झाली. जनरल अदान यांच्या डिव्हिजनने पुरेशा पायदळाविना व तोफखान्याविना प्रतिहल्ला केला. वाळूत दडलेल्या इजिप्शियन सैनिकांनी दुरून सॅगर आणि जवळून आरपीजी-७ डागले. जोडीला रणगाडे व तोफाही होत्या. विमानविरोधी क्षेपणास्त्रांमुळे वायुदल जखडले गेले होते. बटालियन कमांडर असाफ यागुरी युद्धकैदी झाले; त्यांची तुकडी काही मिनिटांत उद्ध्वस्त झाली.

७/ मग सॅगर अजिंक्य होते काय? मुळीच नाही. ते तारेने जोडलेले असे आणि सैनिकाला लहान दांड्याच्या साहाय्याने ते लक्ष्यापर्यंत न्यावे लागे. पूर्ण पल्ला गाठण्यास २५ सेकंदांहून अधिक काळ लागे. तेवढा वेळ त्याची नजर व हात स्थिर राहणे आवश्यक होते. त्यासाठी इजिप्तने सैनिकांकडून सरावयंत्रांवर अपार मेहनत करून घेतली होती.

८/ इस्रायली सैनिकांनी हीच दुखरी नस ओळखली. क्षेपणास्त्र येताना दिसताच इशारा द्यायचा, वाकडीतिकडी वळणे घेत धूळ उडवायची आणि ते जिथून सुटले तिकडे मशीनगन व तोफांचा भडिमार करायचा. नियंत्रक दचकला, की क्षेपणास्त्र भरकटे. चिलखती गाड्यांतले पायदळही आता रणगाड्यांसोबत पुढे जाऊ लागले.

९/ १४ ऑक्टोबरला पारडे फिरले. सीरियावरील दडपण हलके करण्यासाठी इजिप्तचे रणगाडे विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या छत्राबाहेर पडले आणि सज्ज बसलेल्या इस्रायली रणगाड्यांवर चालून गेले. एका दिवसात त्यांनी दोनशेहून अधिक रणगाडे गमावले. म्हणजे सहा दिवसांपूर्वीची चूक आता दुसऱ्या पक्षाने केली.

१०/ पुढे स्पर्धा चालूच राहिली. १९८२ च्या लेबनॉन युद्धात इस्रायली रणगाड्यांवर स्फोटक चिलखताच्या विटा आल्या. त्यावर तोड म्हणून एकामागोमाग फुटणारी दुहेरी स्फोटके आली. अमेरिकेचे जॅव्हलिन तर डागल्यावर स्वतःच लक्ष्य गाठते आणि चिलखत जिथे पातळ, त्या माथ्यावर आदळते. उलट ‘ट्रॉफी’सारख्या यंत्रणा येणारे अस्त्र वाटेतच नष्ट करतात.

११/ २०२२ साली कीव्हच्या उत्तरेस रशियन रणगाड्यांचे सांगाडे पाहून जगाने तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला. तेथेही जॅव्हलिनसोबत युक्रेनचा तोफखाना होता आणि रस्त्यांवर अडकलेल्या रशियन ताफ्यांना पायदळाचे संरक्षण अपुरे होते.

१२/ तात्पर्य, क्षेपणास्त्राने रणगाडा संपवला नाही. रणगाडा एकटा पुरेसा आहे, हा भ्रम संपवला. त्या भ्रमाची किंमत १९७३ मध्ये पोलादाच्या पेटीत बसलेल्या विशीतल्या मुलांनी मोजली. म्हणून कोणत्याही लढाईचा अभ्यास करताना शस्त्रांची तुलना करून थांबू नका. त्या शस्त्राच्या सोबतीला कोण होते आणि कोण असायला हवे होते, हेही अवश्य शोधा.