रडारला वाट देणाऱ्या आज्ञावलीची कुळकथा

वाय-फायच्या १२०, १२४ आणि १२८ या वाहिन्या ५५९० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतात. सी-बँडची हवामान रडारेही बहुधा याच भागात चालतात. ऑगस्ट २०१५ मध्ये मराठवाड्यातल्या दुष्काळावर उपाय म्हणून कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला, तेव्हा औरंगाबादला विभागीय आयुक्त कार्यालयाच्या गच्चीवर असेच सी-बँड डॉप्लर रडार बसवले होते. बीड जिल्ह्यावरचे ढग त्याच्या टप्प्यात होते. अशा रडारच्या पट्ट्यात वाय-फायला शिरकाव मिळाला तो एका अटीवर: आधी ऐकायचे, रडार असेल तर वाहिनी सोडायची.

अटीचा कागदोपत्री इतिहास थोडक्यात सांगता येतो. २००३ च्या जिनिव्हा येथील जागतिक रेडिओ परिषदेने तो पट्टा खुला केला आणि त्याच वर्षी वाय-फायच्या मानकात ८०२.११ एच ही दुरुस्ती आली. बोलण्यापूर्वी एक मिनिट ऐकणे, रडार दिसल्यास दहा सेकंदांत बाहेर पडणे आणि मग अर्धा तास त्या वाहिनीकडे न फिरकणे, हे त्या अटीचे सार. लिनक्स कर्नेलमध्ये या राखणीचा सामायिक भाग २०१३ च्या ३.९ आवृत्तीत आला. त्यात प्रत्येक वाहिनी तीनपैकी एका अवस्थेत असते: ऐकून झाल्यावर वापरता येईल अशी, वापराला मोकळी किंवा बंद.

खरे कुतूहल आहे ते रडार ओळखायचे कसे, याबद्दल. कर्नेलमधील अथेरॉस वाय-फाय चिपच्या ड्रायव्हरमधल्या ओळख-आज्ञावलीवर स्वित्झर्लंडच्या नेराटेक सोल्युशन्सची २०१२ ची स्वामित्वनोंद आहे. चिपला जाणवलेला प्रत्येक स्पंद वेळेसह तिच्याकडे येतो. ती तो मागच्या स्पंदांशी ताडून पाहते. दोघांमधला काळ एखाद्या रडारला शोभणारा असेल, तर ती एक मालिका गृहीत धरते आणि त्याच अंतराच्या पटीत आणखी जुने स्पंद सापडतात का ते शोधते. मधले काही स्पंद निसटले तरी चालते. युरोपच्या नमुना संकेतात सेकंदाला ७०० या गतीने १८ स्पंद असतात. त्यांतले निम्मे, म्हणजे नऊ जुळले, की रडार सापडले असे ठरते.

ही युक्ती वाय-फायच्या घरची नाही. शत्रूच्या अनेक रडारांचे एकमेकांत मिसळलेले स्पंद सुटे करणे हे इलेक्ट्रॉनिक युद्धतंत्राचे जुने काम आहे. एच. के. मार्डिया यांचा १९८९ चा शोधनिबंध याच विषयावर आहे: आधी स्पंदांमधल्या अंतरांचा आलेख काढायचा, मग संभाव्य अंतर धरून मालिका शोधायची. कर्नेलमधली मालिका-शोधाची पायरी याच कुळातली आहे.

याविरुद्ध दुसरा पक्ष म्हणतो की आज्ञावली ही निव्वळ नियामकांच्या कोष्टकांची संतती आहे. त्यात तथ्य आहे. युरोप, अमेरिका आणि जपान यांच्या चाचणी-संकेतांची कोष्टके तिच्यात बसवलेली आहेत. पण कोष्टक काय शोधायचे ते सांगते. गोंगाटात कसे शोधायचे, ते सांगत नाही. उलट कोष्टक हाती असल्यामुळेच आलेखाची पायरी गाळता आली, कारण अपेक्षित अंतरे आधीच माहीत होती. तेव्हा एक घराणे युद्धतंत्राचे आणि दुसरे नियामकांचे, असेच मानणे योग्य. थेट वारसा कागदोपत्री दाखवता येत नसला, तरी नाते स्पष्ट आहे.

हवामान रडारने मात्र या कुळाला वेगळे वळण दिले. ते एका कोनात फिरून वर उचलले जाते आणि क्षितिजालगतच्या खालच्या कोनात परतायला त्याला काही मिनिटे लागतात. एक मिनिट ऐकणारा राउटर तेवढ्यात फसू शकतो. युरोपच्या मानकात ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झसाठी दहा मिनिटे ऐकण्याची सक्ती आहे, तिचे मूळ इथेच असावे. २०१४ मध्ये कर्नेलनेही प्रत्येक वाहिनीसाठी निराळी प्रतीक्षा सांगण्याची सोय केली. अमेरिकेत सान हुआनच्या विमानतळासाठीच्या हवामान रडारमध्ये व्यत्यय आल्याचे २००९ मध्ये आढळले आणि ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झचा हा भाग तिथे काही वर्षे बंदच ठेवला गेला.

असा व्यत्यय रडारच्या चित्रात राउटरच्या दिशेने, केंद्रापासून टोकापर्यंत जाणाऱ्या पट्ट्यासारखा उमटतो. औरंगाबादहून बीड सरळ रेषेत शंभर किलोमीटरहून थोडे अधिक दूर, आग्नेयेकडे आहे. अर्ध्या अंशावर सोडलेला किरण तिथे पोहोचेपर्यंत जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंच गेलेला असतो. त्यामुळे बीडच्या घरातला राउटर त्याला सहसा त्रास देत नाही. बीडवरचे ढग झाकू शकतो तो औरंगाबाद शहराच्या आग्नेय भागातला, रडारच्या नजरेसमोरचा राउटर.

२०१५ मध्ये भारतात हा पट्टा परवानामुक्त नव्हता. १८ ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ खुला झाला. २०१९ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात पुन्हा कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला, तेव्हा हा पट्टा घराघरांतल्या राउटरांसाठी मोकळा झालेला होता.