चारच्या पोटात काय काय

"पाय हाताने दाबून पाहिला की ताकद कळते, त्याला यंत्र कशाला?" मुरलेले डॉक्टर हा सवाल करतात, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. हाताला बॅटरी लागत नाही. हाताने अजमावलेल्या ताकदीची शून्य ते पाच ही श्रेणी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने दुसऱ्या महायुद्धात, नसांना इजा झालेल्यांसाठी रूढ केली. ती आजही जगभर चालते. आपल्या कुष्ठरोग कार्यक्रमात तर तीनच शेरे पुरतात: सबल, दुर्बल, लुळा. करंगळी बाजूला जाते का, अंगठा उभा राहतो का, पाहिले की झाले. हालचाल आहे की नाही एवढाच प्रश्न असेल, तर हात पुरतो. मान्य.

पण प्रश्न 'किती?' असा आला तर? तीन म्हणजे अवयव स्वतःच्या वजनानिशी उचलता येणे, पाच म्हणजे पूर्ण जोर. मधले सारे एकट्या चारच्या पोटात. मॅकअव्हॉय आणि ग्रीन यांनी 2007 मध्ये कोपर वाकवण्याची ताकद तपासली, तेव्हा तिच्या एकूण पल्ल्यातला 96 टक्के भाग या एका चारमध्ये सापडला. म्हणजे अर्धांगातून उठलेला ऊसतोड्या व्यायामाने जोर दुप्पट करील, आणि केसपेपरवर चारचा चारच राहील. 'फोर प्लस' लिहिता? प्लस म्हणजे किती? ते लिहिणाऱ्याच्या मनगटालाच ठाऊक.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: यंत्रही फसवते. तळहातात मावणारा डायनॅमोमीटर, म्हणजे जोर किलोत दाखवणारे यंत्र, त्याच्या चकतीने नडगीला टेकवून रुग्णाला पाय सरळ करायला सांगा. त्याची मांडी तपासणाऱ्याच्या दंडाला भारी पडली, तर आकडा निघतो तो तपासणाऱ्याचाच! चकती घोट्याजवळून नडगीच्या मध्यावर सरकवली, तर तोच जोर जास्त किलो दाखवतो. हे दोष खरे आहेत. पण त्यावरून निघालेला 'मग हातच बरा' हा निष्कर्ष खोटा आहे.

हळ्ळीखेड गावच्या शिवारात ऊस लावणाऱ्याला काटामारी, म्हणजे वजनकाट्यावरची फसवणूक, काय असते ते शिकवावे लागत नाही. म्हणून तो 'ट्रॉली नजरेनेच मापा' असे म्हणतो का? तो काटा तपासून मागतो. इथेही तेच करायचे. यंत्राला पट्टा लावून तो खाटेच्या पायाला बांधा. मग तपासणाऱ्याचा दंड मध्ये येत नाही. चकतीची जागा गुडघ्यापासून टेपने मोजून लिहा. पकड मोजताना रुग्ण बसलेला, कोपर काटकोनात, मूठ दरवेळी त्याच खाचेवर, प्रयत्न तीन. याला पाच मिनिटे लागतात, पाच लाख नव्हेत.

राहिला 'खेड्यात हे चोचले' हा टोमणा. पण पकडीचा आकडा हा चोचला नव्हे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह 17 देशांतल्या सुमारे 1 लाख 40 हजार लोकांच्या अभ्यासात पकड दर 5 किलोंनी कमी, तसा मृत्यूचा धोका 16 टक्क्यांनी जास्त आढळला. पकड वाढवली की आयुष्य वाढते, असे त्यातून सिद्ध होत नाही. तसा दावा करणारा यंत्राचा दुकानदार असतो. पण रक्तदाब नाडीवर बोट ठेवून सांगणारा आज कोणाला चालेल? मग पकडीलाच अंदाज का?

आता दोन केसपेपर शेजारी ठेवतो. माणूस तोच समजा, सहा आठवड्यांचे अंतर. पहिल्या कागदावर दोन्ही तारखांना 'उजवी पकड 4/5'. दुसऱ्यावर आधी 11, 12, 11 किलो. नंतर 18, 19, 18. दाराशी पुतण्या उभा आहे. विचारतो, "काकांना फरक पडतोय ना, डॉक्टर?" कोणता कागद बघून उत्तर द्यायचे, ते वाचकांनी सांगावे.