छावणीतल्या बादलीचा हिशेब

१९९४च्या जुलैमध्ये गोम्याला पाणी नव्हते, असे म्हणता येत नाही. रवांडातून पळालेली पाच ते आठ लाख माणसे काही दिवसांत झाईरच्या हद्दीत येऊन पडली, तेव्हा किवूसारखे अफाट सरोवर शेजारीच होते. नव्हते ते उपसून, क्लोरीन घालून छावणीपर्यंत आणलेले पाणी. असे पाणी पहिल्या आठवड्यात माणशी रोज तांब्याभरही मिळाले नाही. जमीन थिजलेल्या लाव्ह्याची. संडासाचे खड्डे खणता येईनात, प्रेते पुरता येईनात. आधी कॉलरा आला, मागोमाग रक्ती आव. पहिल्या महिन्यात सुमारे ५० हजार माणसे दगावली, त्यातली बहुतेक जुलाबाच्या रोगांनी.

या हादऱ्यानंतर, १९९७ साली, ‘स्फिअर’ प्रकल्प सुरू झाला आणि मदतकार्याला किमान मापे मिळाली. माणशी रोज १५ लिटर पाणी, एका नळामागे फार तर २५० माणसे, वीस जणांमागे एक संडास. ही मापे टाकाऊ नाहीत. गोम्यात एवढे मिळते तर हजारो जीव वाचले असते. पण ती मुख्यतः अनुभवी माणसांच्या एकमतातून ठरली, छावणीत घेतलेल्या चाचण्यांतून फारशी नाही. दहाच लिटर पाणी आणि सोबत साबण दिला तर जुलाब किती घटतील? संडास आधी की नळ आधी? पैसा आणि टँकर तोकडे असतात तेव्हा हेच प्रश्न पडतात, आणि त्यांची उत्तरे शांत, नळ असलेल्या शहरांच्या आरोग्यशास्त्राकडून उसनी घेतली जातात. संकटकाळातल्या पाणी-स्वच्छतेच्या उपायांनी आरोग्य किती सुधारते, याचा पद्धतशीर धांडोळा २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या निकषांत जेमतेम सहा अभ्यास बसले.

माणसे मरत असताना संशोधन कसले करता, हा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो. इतिहास मात्र त्याच्या बाजूने नाही. १९७१च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांचे पाणी ड्रमांत कालवून पाजायला सुरुवात केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी नोंद ठेवली. छावण्यांत ३० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आले. हा आकडा नसता, तर तोंडाने पाणी पाजण्याच्या उपायाला जगाने अडचणीतली तडजोडच मानले असते. उपचाराला असा हिशेब लाभला. पाणी भरणाऱ्या बादलीच्या वाट्याला तो क्वचितच आला.

एकदा आला, मलावीत. १९९३मध्ये न्यामिथुथु छावणीतल्या मोझांबिकी निर्वासितांमध्ये असे आढळले की विहिरीतून येणारे पाणी जवळजवळ निर्दोष असते. ते बिघडते भरणाऱ्यांचे हात लागून. मग काही घरांना हात आत जाऊ नये असे झाकण आणि तोटी असलेली बादली दिली. घरातल्या पाण्यातले विष्ठाजन्य जंतू ६९ टक्क्यांनी घटले, पाच वर्षांखालच्या मुलांचे जुलाब ३१ टक्क्यांनी. संख्याशास्त्राच्या कसोटीवर ही दुसरी घट अगदी काठावर अडते, हेही सांगायला हवे. आणि हा अभ्यास छापून यायला २००१ उजाडले.

उरतो नीतीचा प्रश्न: निम्म्यांना चांगली बादली द्यायची आणि उरलेल्यांना बघत बसवायचे का? पाणीच रोखून धरणारी चाचणी कोणी करू नये, याबद्दल दुमत नसावे. पण मदत तशीही सगळ्या तंबूंत एकाच दिवशी पोहोचत नाही. ती ज्या क्रमाने पोहोचते तोच क्रम विचारपूर्वक आखला, किंवा दोन चांगल्या पद्धतींची तुलना केली, तर कुणाच्या तोंडचे पाणी पळत नाही. उलट न तपासलेले माप लाखोंना लावणे हाही प्रयोगच असतो, फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नाही. नळावरच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले की ते सुरक्षित, असे छावण्यांतून वर्षानुवर्षे मानले गेले. २०१३मध्ये दक्षिण सुदानच्या छावण्यांत नळापासून घरातल्या भांड्यापर्यंत पाण्याचा पाठलाग केला गेला, तेव्हा दिसले की काही तासांतच ते क्लोरीन उडून जाते. पाणी दिवसभर पुरायचे, तर नळावरच एक मिलिग्रॅमच्या आसपास हवे.