रणभूमीवरील त्वरा व घटनास्थळाची पारख

स्थळ सुरक्षित आहे काय, आणि कोणत्या जखमीकडे प्रथम वळावे, असे दोन प्रश्न आपत्तिस्थळी पोहोचणाऱ्या वैद्यकीय सेवकापुढे असतात. त्यांचा परस्परसंबंध अनुभवांतीच निश्चित झाला.

अठराव्या शतकातील फ्रेंच सैन्याच्या नियमाप्रमाणे रुग्णपथके फौजेच्या सुमारे एक लीग, म्हणजे ४-५ किलोमीटर, मागे राहत. पथके सुरक्षित असत. जखमी मात्र लढाई संपेपर्यंत तसेच पडून राहत. १७९२ मध्ये ऱ्हाइन आघाडीवर शस्त्रवैद्य दोमिनिक झां लारे याने ही उणीव ओळखली आणि घोडतोफखान्याच्या धर्तीवर हलक्या, वेगवान रुग्णगाड्यांची योजना मांडली. हुद्दा न पाहता सर्वांत गंभीर जखमीवर प्रथम उपचार करावा, हा त्याचा दंडक होय.

त्वरेचे हे तत्त्व पुढे नागरी सेवेतही रुजले. त्याची मर्यादा २० मार्च १९९५ रोजी टोकियोत उघड झाली. त्या दिवशी ओम शिनरिक्यो पंथीयांनी भुयारी रेल्वेत सारिन हे विष पसरविले. मदतकार्यातील १,३६४ वैद्यकीय सेवकांपैकी १३५ जणांना स्वतःलाच बाधा झाली. कारण विषाची ओळख पटण्यापूर्वीच ते रुग्णांच्या सान्निध्यात आले होते.

यावरून जुना फ्रेंच नियम योग्य होता, असे अनुमान निघत नाही. मात्र बाधित सेवक हा आणखी एक रुग्ण ठरतो व जखमींचे साहाय्य तेवढे उणावते. म्हणूनच आजच्या प्रशिक्षणात स्थळपरीक्षेला पहिले स्थान असून लारेप्रणीत प्रतवारी तिच्यामागून येते.