गुलमर्ग : गोंडोलाने किती वर जावं?

श्रीनगरहून सुमारे ५० किलोमीटरवरचं गुलमर्ग स्कीइंगसाठी प्रसिद्ध आहे. तरी इथे येणारे बहुतेक पर्यटक स्की पायात घालतच नाहीत. ते येतात बर्फ बघायला आणि गोंडोलात बसायला. जोरदार बर्फ पडला की आपली गाडी तंगमर्गला सोडून, चाकांना साखळ्या लावलेल्या स्थानिक गाडीने वर जावं लागतं. गमबूट आणि जाड कोटही तिथे भाड्याने मिळतात.

गुलमर्ग आहे सुमारे २,६५० मीटर उंचीवर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, म्हणजे ३,००० मीटरच्या थोडं वर नेतो. दुसरा थेट अफरवटवर, जवळपास ३,९५० मीटरवर. सकाळी नाश्ता करून निघालेला माणूस बसल्याबसल्या १,३०० मीटर चढतो. तिथे धाप लागते, डोकं दुखतं, ते विरळ हवेमुळे. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसऱ्या टप्प्याचं तिकीट काढू नये.

वारा वाढला की हा टप्पा बंद ठेवतात. पर्यटक चिडतात, पण फेब्रुवारी २०२३ मध्ये याच अफरवटवर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू मरण पावले होते.

बर्फाचीही खात्री नसते. जानेवारी २०२४ मध्ये महिन्याच्या शेवटापर्यंत इथले उतार जवळपास कोरडेच होते.