सतरा रुपये सत्तर पैसे

थेंबें थेंबें तळें सांचे, ही म्हण शाळेंत मुलांना काटकसरीचें महत्त्व पटविण्यासाठीं शिकविली जाते. तें तळें थेंब देणाऱ्याचें नसून दुसऱ्याच कोणाचें असूं शकतें, हें त्या धड्यांत येत नाहीं. पासबुकांत एक बारीक ओळ उमटते. कांहीं इंग्रजी आद्याक्षरें, आणि त्यांच्यापुढें वजा सतरा रुपये सत्तर पैसे. तेवढ्या रकमेसाठीं अर्धा दिवस मोडून बँकेच्या खिडकीपाशीं उभें राहणें मोलकरणीला परवडत नाहीं, तसें पगारदार कारकुनालाहि परवडत नाहीं. अन्याय लहान आणि तो सोसणारे कोट्यवधि, अशी जेथें स्थिति असते तेथें तो अन्याय बहुधा दीर्घायु होतो. तरीहि गेल्या कांहीं वर्षांत भारतांत बँकांच्या या आकारांविरुद्ध लोकमत जागें झालें; आणि तें जागें करण्याचें काम सभा-मिरवणुकांपेक्षां साध्या बेरजेनें अधिक केलें.

या प्रश्नाचा उगम शोधावयाचा तर १९९९ सालापर्यंत मागें जावें लागतें. तोंपर्यंत बँकांच्या सेवांचे दर इंडियन बँक्स असोसिएशन ही बँकांचीच संस्था ठरवून देत असे. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत रिझर्व्ह बँकेनें ती पद्धति बंद केली आणि प्रत्येक बँकेस आपापले दर ठरविण्याची मोकळीक दिली. चढाओढ असली म्हणजे दर उतरतात, असें अर्थशास्त्राचीं पुस्तकें सांगतात. परंतु ज्याचा पगार, विम्याचा हप्ता आणि विजेचें बिल हीं सारीं एकाच खात्याशीं बांधलेलीं आहेत, तो पांच-पन्नास रुपयांसाठीं बँक बदलीत नाहीं. पुढें २००६ सालीं रिझर्व्ह बँकेनें महाराष्ट्र व गोवा विभागाचे बँकिंग लोकपाल एन. सदाशिवन यांच्या अध्यक्षतेखालीं एक कार्यगट नेमला. आकार वाजवी कसे राहतील, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. आकार जाहीर करावेत, बदलण्यापूर्वीं खातेदारास कळवावें, अशीं तत्त्वें त्यांतून रुजलीं.

२० नोव्हेंबर २०१४ रोजीं रिझर्व्ह बँकेनें किमान शिल्लक न ठेवल्याबद्दलच्या दंडाचे नियम काढले, ते मात्र अधिक स्पष्ट होते. दंड लावण्यापूर्वीं खातेदारास कळवून शिल्लक भरून काढण्यास निदान एक महिना द्यावा; जितकी तूट, तितक्या प्रमाणांत दंड असावा; आणि केवळ दंडापायीं खातें शून्याखालीं जाऊं नये. हे नियम १ एप्रिल २०१५ पासून अमलांत आले. किती दंड वाजवी, हा आंकडा मात्र बँकांच्याच हातीं राहिला.

१ एप्रिल २०१७ रोजीं स्टेट बँकेनें, कांहीं वर्षांच्या खंडानंतर, हा दंड पुन्हां सुरू केला. महानगरांतील खातेदारानें महिन्याला सरासरी ५,००० रुपये शिल्लक ठेवावी, खेड्यांतील खातेदारानें १,०००. नाहीं तर कर सोडून शंभर रुपयांपर्यंत दंड. जनधन खात्यांना यांतून सूट होती. किंबहुना त्या कोट्यवधि गरीब खात्यांचा भार पेलण्यासाठींच हें उत्पन्न हवें, असें बँकेच्या तत्कालीन अध्यक्षा अरुंधती भट्टाचार्य यांचें म्हणणें होतें. हें वाक्य ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

२०१८ च्या जानेवारींत अर्थखात्याचे आंकडे वर्तमानपत्रांतून आले, तेव्हां घरोघरीं निमूटपणें सोसलेल्या त्या दंडाची पहिली मोठी बेरीज लोकांच्या दृष्टीस पडली. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत एकट्या स्टेट बँकेनें या दंडापोटीं सुमारे १,७७१ कोटी रुपये गोळा केले होते. बँकेचा जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचा नफा सुमारे १,५८१ कोटींचा होता. आठ महिन्यांची रक्कम तीन महिन्यांच्या नफ्याशेजारीं मांडणें गणिताच्या दृष्टीनें तितकेंसें न्याय्य नाहीं. परंतु लोकमताला तो बारकावा अडला नाहीं, आणि अडावयासहि नको होता. त्यानंतर मध्यप्रदेशांतील नीमच येथील एका नागरिकानें माहितीच्या अधिकाराखालीं अर्ज केला. त्याच्या उत्तरांत बँकेनेंच कळविलें कीं, दहा महिन्यांत ४१.१६ लाख खातीं शिल्लक नसल्याकारणानें बंद झालीं. त्याच मार्च महिन्यांत बँकेनें दंड १५ रुपयांपर्यंत खालीं आणल्याचें जाहीर केलें, आणि ११ मार्च २०२० रोजीं तो सर्वस्वीं रद्द केला. या साऱ्याचें मूळ एका साध्या अर्जांत व एका तक्त्यांत होतें.

आतां ज्या जनधन खात्यांचा भार सांगितला जात होता, त्यांची हकीकत. या प्राथमिक खात्यांतून महिन्याला चार वेळां पैसे काढणें मोफत असे. पांचव्या वेळेपासून स्टेट बँक दर व्यवहारास पंधरा रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १७ रुपये ७० पैसे कापून घेई. हातगाडीवाल्याला मोबाइलवरून वीस रुपये पाठविले, तरी कापणी तितकीच! मुंबईच्या आय. आय. टी. मधील संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांनीं या ओळींची बेरीज केली. २०२१ सालच्या त्यांच्या अहवालाप्रमाणें २०१५ ते २०२० या काळांत सुमारे १२ कोटी प्राथमिक खात्यांतून ३०० कोटींहून अधिक रक्कम अशी वळती झाली होती. चार व्यवहारांपलीकडे आकार घेण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या २०१२ च्या निर्देशांत होती, असें बँकेचें उत्तर होतें. तर ज्या खात्यावर आकार बसतो तें प्राथमिक खातेंच राहत नाहीं, असा दास यांचा मुद्दा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांचा हेतु पाहतां दास यांची बाजू अधिक सबळ वाटते.

दरम्यान सरकारनेंहि हात घातला होता. १ जानेवारी २०२० पासून यू. पी. आय. व रुपे कार्डाच्या व्यवहारांवर आकार घेण्यास कायद्यानें मनाई झाली. आणि त्या तारखेनंतर कापलेले पैसे परत करावेत, असें केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानें त्याच वर्षीं ३० ऑगस्टला बँकांना बजावलें. दास यांच्या हिशेबाप्रमाणें एप्रिल २०१७ पासून मोबाइल व कार्डावरील व्यवहारांवर गोळा झालेल्या २५४ कोटींपैकीं सुमारे ९० कोटी परत गेले. उरलेले १६४ कोटी मनाईपूर्व काळांतले, म्हणून त्यांच्या परतीचा हुकूम झाला नाहीं. ज्यांचे ते होते, त्यांतल्या बहुतेकांना असा हिशेब मांडला गेल्याची वार्ताहि पोंचली नसेल.

तथापि बेरजेची संवय लागली ती लागली. जुलै २०२४ मध्यें लोकसभेंतील प्रश्नाच्या उत्तरांत सरकारनें सांगितलें कीं, सरकारी बँकांनीं पांच वर्षांत किमान शिलकीच्या दंडापोटीं सुमारे ८,५०० कोटी रुपये घेतले. पुढल्या वर्षीं जून-जुलैंत कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा आणि इंडियन बँक यांनीं बचत खात्यांवरील हा दंड काढून टाकला.

खाजगी बँकांची गोष्ट निराळी. ऑगस्ट २०२५ मध्यें आय. सी. आय. सी. आय. बँकेनें महानगरांतील नव्या बचत खात्यांसाठीं किमान शिल्लक १०,००० वरून एकदम ५०,००० रुपये केली. हा विषय बँकांच्या मर्जीचा असून नियंत्रणाच्या कक्षेंत येत नाहीं, असें रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनीं सांगितलें. बँकेवर चोहोंकडून टीका झाली, आणि अवघ्या कांहीं दिवसांत तिनें आंकडा १५,००० वर आणला. दहा हजारांचा जुना आंकडा मात्र परत आला नाहीं.