गेटवुड आजींचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण सहज म्हणून जातो. पण त्या बिऱ्हाडात नेमके काय काय असावे, हा प्रश्न पायी मुलूख तुडवणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे. पुढे अमेरिकेतल्या अरण्यांचा कैवारी म्हणून गाजलेला जॉन म्यूर १८६७ साली, ऐन तारुण्यात, केंटकीहून फ्लॉरिडाच्या किनाऱ्यापर्यंत हजारएक मैल चालत गेला. त्याच्या थैलीत फणी, टॉवेल, साबण, बदलायला आतले कपडे आणि तीन पुस्तके होती. त्यांत एक मिल्टनचे महाकाव्य! वाटेत खायचे काय, याची चिंता स्वारीला फारशी नसावी.

सगळ्यांनाच हे जमत नाही. तंबू आला, अंथरूण आले, भांडी आली, की ओझे वाढते आणि खांदे भरून येतात. १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेव्हाडाच्या डोंगरांत हिंडताना डिक केल्टी नावाच्या गृहस्थांना आणि त्यांच्या मित्राला एक गंमत आढळली. पाठीवरच्या लाकडी चौकटीची खालची टोके विजारीच्या मागच्या खिशांत खुपसली, की भार खांद्यांवरून उतरून कमरेवर येतो! दुसऱ्याच वर्षी केल्टींनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची हलकी चौकट करून पाठपिशव्या विकायला काढल्या. पिशव्या शिवण्याचे काम त्यांच्या पत्नीचे, कारखाना घरचाच. १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेने त्यांच्याच पाठपिशव्या नेल्या.

इथवर सारे सुधारणेच्या रीतीला धरून झाले. पण ज्या बाईंची हकिकत सांगण्यासाठी हे प्रास्ताविक केले, त्यांनी यांतले काहीच घेतले नव्हते.

अमेरिकेच्या पूर्व अंगाला ॲपलेशियन पर्वताच्या रांगा आहेत. त्यांच्या माथ्यामाथ्याने एक सलग पायवाट असावी, ही कल्पना बेंटन मकाय यांनी १९२१ साली मांडली आणि हौशी मंडळींनी खपून १९३७ पर्यंत ती वाट पुरी केली. दक्षिणेत जॉर्जिया, उत्तरेत मेन. मध्ये चौदा राज्ये आणि त्या काळच्या मोजणीने सुमारे २,०५० मैल. ही वाट कोणी एका दमात चालेल, असे ती आखणाऱ्यांनाही वाटले नव्हते. १९४८ साली अर्ल शेफर हा युद्धावरून परतलेला तरुण ती चालला. युद्धात त्याचा जिवलग मित्र मारला गेला होता. डोक्यातले युद्ध त्याला चालून चालून उतरवायचे होते.

त्या वाटेविषयीचा एक सचित्र लेख नॅशनल जिओग्राफिक मासिकात १९४९ साली आला होता. ओहायो राज्यातल्या एमा गेटवुड यांच्या तो वाचनात आला. एमाबाईंचा जन्म १८८७ चा. पंधरा भावंडांत वाढलेल्या, अकरा मुलांच्या आई, तेवीस नातवंडांची आजी. सारा जन्म शेतात, चुलीपाशी आणि बाळंतपणांत गेलेला. एकोणिसाव्या वर्षी लग्न झाले. नवरा शिकलेला, एके काळचा शाळामास्तर. पण घरात हात उगारणारा. त्याने त्यांना ओळखू येऊ नये इतके मारलेले आहे. असह्य झाले की त्या रानात निघून जात. एकदा त्यांनी उलट पिठाची पिशवी त्याच्यावर भिरकावली, तेव्हा पोलिसांनी कोठडीत नेले ते त्यांनाच! १९४१ साली काडीमोड मिळाला. मुले मोठी होऊन आपापल्या संसाराला लागली आणि मग बाई चालायला मोकळ्या झाल्या.

१९५४ साली त्यांनी मेनच्या टोकाकडून सुरुवात केली. वाट चुकली, चष्मा फुटला, शिदोरी संपली. वनरक्षकांनी त्यांना घरी परत जायला सांगितले. ही गोष्ट त्यांनी कोणाला कळू दिली नाही. १९५५ च्या ३ मे रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्या जॉर्जियातल्या माउंट ओगलथॉर्पवरून पुन्हा निघाल्या. मुलांना सांगितले ते एवढेच, की जरा फिरायला जाते.

आता त्यांचे बिऱ्हाड पाहा. पायांत कापडी रबरी बूट. जाड सुती कापडाची घरी शिवलेली पिशवी, एका खांद्यावर टाकलेली. तीत एक फौजी कांबळे, रेनकोट आणि न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. हाच त्यांचा तंबू! चाकू, विजेरी, आयोडीन, चिकटपट्ट्या. खायला मनुका, शेंगदाणे, डब्यातले मांस, दुधाची भुकटी. बाकी रानातली भाजी ओळखण्याइतके ज्ञान होतेच. शिवाय कोणाच्या घरी जायचा प्रसंग आलाच तर असावा म्हणून एक बरा झगा आणि सपाता. या झग्याचे मला मोठे कौतुक वाटते. नकाशा नाही, तंबू नाही, पण चारचौघांत जायचा कपडा आहे! सारे मिळून वजन वीस पौंडांच्या आतच.

रात्री थंडी वाजली तर त्या दगड तापवून त्यांवर अंग टाकीत. ऑगस्टमध्ये कॉनी आणि डायन अशी दोन वादळे लागोपाठ आली. व्हर्माँटमध्ये एक ओढा इतका फुगला, की नौदलातल्या दोन तरुणांनी दोरीने आजींना आपल्या दोघांमध्ये बांधून घेतले आणि पलीकडे नेले. बुटांचे जोड एकामागून एक फाटत गेले.

वाटेत वार्ताहरांना सुगावा लागला आणि ‘गेटवुड आजी’ देशभर गाजल्या. का निघालात, असे जो तो विचारी. त्या हसून काहीतरी उत्तर देत. वाटेवरच्या मोडक्या, घाण निवाऱ्यांबद्दल मात्र त्या सडेतोड बोलत, आणि त्या बोलण्याचा पुढे वाटेला उपयोगच झाला. आपण विधवा आहोत, असे त्या सांगत. वास्तविक नवरा तेव्हा जिवंत होता. तो १९६८ साली वारला. मारहाणीची खरी हकिकत वाचकांपुढे सविस्तर आली ती २०१४ साली, बेन मॉन्टगोमेरी यांनी लिहिलेल्या चरित्रातून. म्हणजे त्या वाटेवर भेटलेल्यांपैकी बहुतेकांना आजींच्या पिशवीत काय आहे ते ठाऊक होते. पाठीवर काय आहे, ते नव्हते.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी एमाबाई कटाडिन शिखरावर पोहोचल्या आणि तिथे त्यांनी आपल्या देशाचे एक गीत म्हटले. संपूर्ण वाट एकटीने, सलग चालून जाणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९५७ साली त्या पुन्हा पुरी वाट चालल्या. असा दुसरा फेरा तोवर कोणा पुरुषानेही केला नव्हता. १९५९ साली मिझुरीहून ऑरेगनपर्यंतचा जुना गाडीरस्ता, सुमारे २,००० मैल. आणि पंच्याहत्तरी उलटल्यावर, १९६४ साली, ॲपलेशियन वाट टप्प्याटप्प्याने तिसऱ्यांदा.

१९६७ पासून ओहायोतल्या हॉकिंग हिल्सच्या दऱ्यांतून दर जानेवारीत, बर्फाच्या दिवसांत, सहा मैलांची एक फेरी निघू लागली. आजी तिच्या वाटाड्या असत. १९७३ च्या जानेवारीतही, पंच्याऐंशीव्या वर्षी, त्या तीत होत्या. ४ जून १९७३ रोजी त्या वारल्या. त्या वाटेला आता त्यांचे नाव आहे, आणि दर वर्षी हजारो माणसे कमरपट्ट्याच्या पाठपिशव्या आवळून तिथे चालायला येतात.